लोपलेले मधले पद

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले चिपळूण तालुक्यातील पोफळी हे गाव उर्वरित महाराष्ट्राला माहीत आहे ते कोयना प्रकल्पाच्या भूमिगत वीजगृहामुळे. पण ‘पोफळी’ हे विशेषनाम होण्याआधी सामान्यनाम आहे. संस्कृत ‘पूगफल’ या शब्दापासून ‘पोफळ’, म्हणजे सुपारी. आणि ते ज्या झाडाला लागते ती पोफळी. गावाचे नाव या झाडावरूनच पडले असावे. बागायत आणि जलविद्युत, परसदार आणि टर्बाइन अशी दोन टोके एकाच शब्दात एकत्र यावीत, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कारण प्रस्तुत लेखात जो मुद्दा मांडायचा आहे त्याची दोन ठळक उदाहरणे याच परिसरात सापडतात. मुद्दा असा : नवी वस्तू घडवण्याचे काम हातात हत्यार येण्यापूर्वी शब्दांत सुरू झालेले असते. शब्दांचे अर्थ परस्परांशी ज्या धाग्यांनी जोडलेले असतात ते धागे हेच कल्पकतेचे भांडवल होय. आणि ज्या समाजाचे वस्तूंचे व कृतींचे शब्द विझत जातात, त्याला नवी वस्तू सुचणेही उत्तरोत्तर अवघड होत जाते.

हे केवळ भाषाप्रेमातून आलेले विधान नव्हे. १९६९ साली ॲलन कॉलिन्स आणि रॉस क्विलियन या अमेरिकन अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले, की मानवी स्मृतीत संकल्पना सुट्या पडलेल्या नसतात, त्या जाळ्याच्या गाठींप्रमाणे एकमेकींशी बांधलेल्या असतात. पुढे १९७५ साली कॉलिन्स व एलिझाबेथ लॉफ्टस यांनी त्यात भर घातली : एक गाठ हलवली की तिच्या शेजारच्या गाठी आपोआप जाग्या होतात. १९८५ पासून प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजी शब्दांचे असे एक प्रत्यक्ष जाळेच विणले गेले. ‘वर्डनेट’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. वस्तुरचनेच्या अभ्यासकांनी हे जाळे आपल्या कामाला जुंपले. जपानमध्ये तोशिहारू ताउरा आणि युकारी नागाई यांनी दोन असंबद्ध नामे देऊन त्यांतून एक नवी वस्तू कल्पायला सांगण्याचे प्रयोग केले आणि मूळ संकल्पनांमधील अंतर व निर्माण झालेल्या कल्पनेचे नावीन्य यांचे नाते तपासले. २०१८ साली गेओर्गी गेओर्गिएव्ह व डांको गेओर्गिएव्ह यांनी रचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांची संभाषणे वर्डनेटच्या साहाय्याने मोजली. ज्या कल्पना अखेरीस यशस्वी ठरल्या त्यांच्या चर्चेत शब्दांचे अर्थ क्रमाक्रमाने एकमेकांपासून दूर जात होते आणि त्याच वेळी अधिक नेमके होत होते, असे त्यांना आढळले.

दूर जाणे आणि नेमके होणे, या दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. मराठीच्या वर्गात समास शिकवणाऱ्यांना यात अपरिचित असे काही वाटू नये. दोन नामे जोडून तिसरी संकल्पना निर्माण करण्याचे शास्त्र आपल्याकडे व्याकरणाच्या पुस्तकात शतकानुशतके आहे. फक्त परीक्षेतील दोन गुणांपलीकडे त्याचा उपयोग असू शकतो, हे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. तत्पुरुष समासात दोन पदांमधील विभक्तीचा संबंध दडलेला असतो : कशाने, कशासाठी, कशापासून, कोठे. कर्मधारयात एक वस्तू दुसरीचा गुण घेते. बहुव्रीहीत तर दोन्ही पदे मागे पडतात आणि ज्याचा उल्लेखच नाही अशी तिसरी व्यक्ती वा वस्तू समोर उभी राहते. ताउरा-नागाईंच्या प्रयोगांत सर्वाधिक नावीन्यपूर्ण ठरावी अशी निर्मिती ही आपल्या परिभाषेत बहुव्रीहीच म्हणावी लागेल.

परंतु रचनाकाराच्या दृष्टीने सर्वांत बोलका समास मध्यमपदलोपी हा आहे. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, साखरभात म्हणजे साखर घालून शिजवलेला भात. दोन नामे शिल्लक राहतात आणि त्यांना जोडणारी कृती लोप पावते. ज्याला पुरणपोळी ठाऊक आहे त्याला मधले पद सांगावे लागत नाही; ज्याला ठाऊक नाही त्याला ते शोधावे लागते. नवी वस्तू कल्पिणारा माणूस या दुसऱ्या माणसासारखा असतो. त्याच्यापुढे दोन टोके असतात आणि मधले पद रिकामे असते. ते भरणे म्हणजेच रचना. आणि ते पद बहुधा क्रियापद असते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घ्यावी.

आता पोफळीकडे वळू. पोफळीची जुनी झावळी आपोआप गळते. तिचा बुंध्याला वेटाळून असलेला रुंद, चिवट, पन्हळीसारखा भाग म्हणजे विरी. कोकणातल्या मुलांना विरी ठाऊक असते ती गाडी म्हणून : एकाने बसायचे, दुसऱ्याने झावळी धरून अंगणभर ओढायचे. वस्तू गुंडाळायला, द्रोणासारखी मुडपून काही ठेवायला ती वापरली जाते. म्हणजे ‘विरी’ या गाठीपासून निघणारे धागे असे : आपोआप गळणारी, घासली तरी न फाटणारी, भिजवली की वळणारी, पाणी धरणारी. आज याच विऱ्या धुऊन, भिजवून, तापलेल्या साच्यात दाबून ताटल्या आणि वाट्या तयार होतात. त्यासाठी झाड तोडावे लागत नाही, गोंद वा रसायनाचा लेप लागत नाही. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, २०२२ च्या जुलैपासून देशभर अनेक एकवापरी प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि या ताटल्यांकडे पुष्कळांचे लक्ष गेले. तथापि हा उद्योग भरभराटीला आला तो प्रामुख्याने कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांत. आपल्याकडे बाजारात त्या ‘सुपारीच्या पानाच्या डिश’ म्हणून येतात. यात ‘पान’ हा शब्द चुकीचा आणि ‘डिश’ हा शब्द उसना. ज्या एका शब्दात या वस्तूची सारी शक्यता साठवलेली होती तो शब्द वेष्टनावर कोठेच नाही.

पत्रावळीशी तुलना करून पाहावी. ‘पत्रावळ’ म्हणजे पत्रांची आवली, पानांची ओळ. कृती नावातच आहे : पाने जुळवायची आणि चोयांनी टाचायची. विरीच्या ताटलीत जुळवणे नाही, टाचणे नाही. तेथे भिजवणे आणि दाबणे आहे. मधले पद बदलले की वस्तूची जात बदलते. हे ज्याला शब्दांतून कळते त्याला पुढचा प्रश्नही पडतो : भिजवून दाबता येणारे आणखी काय काय आपल्या परसात आहे? माडाच्या झाडाला धरून असलेले शब्द पाहिले तरी झाप, हीर, पोय, सोडण, काथ्या, करवंटी अशी रांग उभी राहते आणि प्रत्येकाला स्वतःचे क्रियापद आहे. झाप विणतात, हीर बांधून खराटा करतात, सोडण कुजवून काथ्या झोडतात, तो वळून सुंभ करतात. विरीला ओढणे, मुडपणे ही पदे होती. दाबणे हे पद नंतर येऊन मिळाले. एका गाठीचे क्रियापद दुसऱ्या गाठीला लावून पाहणे, हीच तर जाळ्यातली मुशाफिरी.

या ठिकाणी एक इशाराही दिला पाहिजे, आणि तोही याच जाळ्यातून मिळतो. २०२५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुपारीच्या झाडापासून केलेल्या ताटल्यांबाबत हरकत घेतली. त्यांतील अल्कलॉइड द्रव्ये अन्नात उतरू शकतात आणि अन्नाशी संपर्कासाठी त्यांना तेथे मान्यता नाही, असे तिचे म्हणणे. मराठीत ‘सुपारी लागणे’ असा एक प्रयोग आहे. सुपारी खाल्ल्यावर घाम फुटतो, घेरी येते, त्याला ‘सुपारी लागली’ असे म्हणतात. म्हणजे या झाडाच्या फळात माणसाला ‘लागणारे’ काहीतरी आहे, हे भाषेने नोंदवून ठेवले होते. फळ वेगळे आणि विरी वेगळी, हे खरे. निर्णय प्रयोगशाळेनेच द्यायचा. पण कोणता प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत जावे, हे सांगण्याइतका शहाणपणा त्या दोन शब्दांत निश्चित होता. शब्दांचे जाळे पुरावा देत नाही, दिशा देते.

क्रियापदांचा मुद्दा थोडा पुढे नेऊ. वर उल्लेखिलेली बहुतेक संगणकीय मोजमापे नामांवर आधारलेली आहेत. याउलट उद्योगक्षेत्रातील एक जुनी पद्धत क्रियापदाला मान देते. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत लॉरेन्स माइल्स यांनी १९४०च्या दशकात जे मूल्यविश्लेषण सुरू केले त्यात प्रत्येक सुट्या भागाचे कार्य एक क्रियापद व एक नाम अशा दोनच शब्दांत सांगण्याचा दंडक होता. वस्तूचे नाव विसरा, ती काय करते ते सांगा, असा त्याचा मथितार्थ. या कसोटीवर मराठी स्वयंपाकघर आणि खळे लावून पाहावे. सूप ही एकच वस्तू. पण तिच्यात पाखडतात, आसडतात आणि घोळतात. पाखडताना हलके उडून जाते, आसडताना झटक्याने जड व हलके वेगळे होते, घोळताना गोल घरंगळते आणि चपटे मागे राहते. वजन आणि आकार या गुणांवर धान्य निराळे करणारी यंत्रे आज कारखान्यांत आहेत. त्यांची तत्त्वे बांबूच्या एका सुपात आणि तीन क्रियापदांत सामावलेली होती. तसेच वाटणे, कुटणे, कांडणे, दळणे, भरडणे, खवणे, किसणे. या साऱ्यांना ‘ग्राइंड करणे’ किंवा ‘मिक्सरमधून काढणे’ असे एकच नाव दिले, की यंत्र बनवणाऱ्यासमोरचे सात प्रश्न एकावर येतात. मिक्सरमध्ये केलेल्या चटणीला पाट्यावरची चव नाही, अशी तक्रार घरोघर ऐकू येते. ती तक्रार खरे पाहता लोपलेल्या क्रियापदाविषयीची आहे : चिरणारे पाते आणि रगडणारा दगड यांतला फरक.

चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल सादर केला, आणि ज्याच्या प्रेरणेतून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी लोट्याची मुक्त कंठाने प्रशंसा केली आहे. लोटा नव्याने कल्पायचा तर कोणते प्रश्न विचारावे लागतील, याची त्यांनी यादी दिली : किती द्रव मावावे, कोणाच्या हाताने उचलले जाईल, डोक्यावर की कमरेवर नेले जाईल, भरल्यावर आणि रिकामे असताना तोल कसा राहील, इत्यादी. त्या अहवालाचे महत्त्व निर्विवाद आहे. मात्र मराठी माणसाने ती यादी वाचताना मनात एक जोडयादी करावी : तांब्या, गडू, फुलपात्र, पंचपात्री, चरवी, कासंडी, कळशी, घागर, हंडा, घंगाळ, झारी. ईम्स यांच्या प्रश्नांची उत्तरे या नावांत आधीच वाटून दिलेली आहेत. कळशी कमरेवर, हंडा डोक्यावर; कासंडी धारेखाली, झारी रोपावर. परक्या पाहुण्याला जे विश्लेषणाने मिळवावे लागले ते येथील कोणत्याही घरात शब्दसंग्रह म्हणून नांदत होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की जुने शब्द जुन्याच वस्तूंकडे ओढतात आणि त्यांत रमणे म्हणजे गतकालाचा उमाळा. आक्षेप वजनदार आहे. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली दाखवून दिले, की नमुना समोर ठेवला की अनुभवी रचनाकारही त्या नमुन्याला, त्याच्या दोषांसकट, चिकटून बसतात. शब्दही असा नमुना होऊ शकतो. त्याचे उदाहरण पुन्हा पोफळीतच आहे.

कोयना ही कृष्णेची उपनदी, पूर्वेकडे जाणारी. तिचे शिवसागर जलाशयात अडवलेले पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्याखाली आणून पोफळीच्या वीजगृहात सोडले जाते. १९६२ पासून तेथे वीज निर्माण होत आहे. बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी मान्य केलेले पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट इतके होते. टर्बाइन फिरवून झाल्यावर ते कोळकेवाडीच्या धरणात आणि अखेर वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीला मिळते. या वापरून झालेल्या पाण्याला शासकीय व वृत्तपत्रीय मराठीत ‘अवजल’ असे नाव पडले. शब्द सुटसुटीत आहे, परिभाषा म्हणून निर्दोष आहे. पण ‘अव’ या उपसर्गाचे जाळे पाहावे. एका बाजूला अवगुण, अवमान, अवकळा. दुसऱ्या बाजूला अवतरण, अवरोह. पहिल्या बाजूस हीनता, दुसऱ्या बाजूस नुसते खाली येणे. लोकमानसात पहिली बाजू प्रबळ ठरली आणि अवजल म्हणजे उरलेले, वाया जाणारे पाणी असा अर्थ रूढ झाला. एकदा पाणी ‘वाया’ ठरले की प्रश्न एकच उरतो : ते कोठे न्यावे? मुंबईला न्यावे, की कोकणातच फिरवावे, या वादात अनेक वर्षे गेली आहेत.

हेच पाणी ‘उतरलेले पाणी’ म्हणून पाहिले असते तर? मग प्रश्न बदलले असते. उन्हाळ्यातही वाहणाऱ्या या पाण्याने नदीचे रूप कसे पालटले? खाडीच्या खारेपणावर, मासळीवर, काठच्या बागांवर त्याचा परिणाम काय? वाशिष्ठीकाठची गावे आणि कारखाने याच प्रवाहातून पाणी उचलतात; त्यांच्या दृष्टीने ते वाया गेलेले की मिळालेले? पाणी न्यायचे किंवा ठेवायचे, हा निर्णय आमच्या अधिकारातला नाही. परंतु कोणतीही योजना रेखाटण्यापूर्वी तिच्या नावातील उपसर्ग तपासून पाहणे हे मराठीच्या अभ्यासकाचे काम खचितच आहे. अभियंत्याला ते कोणी शिकवलेले नसते.

त्याच प्रकल्पातील आणखी एक गोष्ट. १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी कोयनेच्या जलाशयाला पाण्याखालून भोक पाडण्यात आले. जलाशय रिकामा न करता, तळाशी बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटाने उडवायचा, असे ते नॉर्वेतून आलेले तंत्र. आपल्या वृत्तपत्रांनी त्याला ‘लेक टॅपिंग’ म्हटले आणि तेच रूढ झाले. इंग्रजीत ‘टॅप’ या शब्दाभोवती पिंप, रबराचे झाड, ताडामाडाचा रस असे मोठे जाळे आहे. म्हणूनच त्या भाषेच्या अभियंत्याला जलाशय हे एक भरलेले पिंप दिसू शकले. कोकणातला भंडारी माडावर चढून पोयीला काप देतो आणि झाडाला इजा न करता रस उतरवून घेतो. कल्पना तीच : भरलेल्या गोष्टीला नेमक्या जागी छेद द्यायचा. उपमा आपल्या अंगणात उभी होती. पण माडावरचा माणूस आणि बोगद्यातला माणूस एकाच भाषेच्या जाळ्यात कधी भेटले नाहीत.

ते का भेटले नाहीत, याचे उत्तर आपल्या कोशांत आणि आपल्या समाजरचनेत शोधावे लागते. अमरकोश हा वर्णानुक्रमाने रचलेला नाही. भूमिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग अशा अर्थाच्या वर्गांनी रचलेला आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशही वर्गवारच आहे. म्हणजे अर्थाच्या शेजाराने शब्द मांडण्याची परंपरा आपल्याकडे होती. पण त्याच अमरकोशात कारागिरांचे शब्द शूद्रवर्गात जातात. कुंभाराची, बुरुडाची, सुताराची क्रियापदे जातीच्या कप्प्यात बंद आणि पंडिताची भाषा निराळी. मग धागा एका कप्प्यातून दुसऱ्यात जाणार कसा? पुढे मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश आला, दाते-कर्वे यांचा सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाला. कोकणातले, देशावरचे, खेड्यातले, धंद्यातले असंख्य शब्द त्यांनी वाचवले. हे ऋण फिटणारे नाही. परंतु वर्णानुक्रमाच्या शिस्तीत झाप एका खंडात आणि विरी दुसऱ्या खंडात गेली. ज्याला शब्द माहीत आहे त्याला अर्थ सापडतो. ज्याला कृती माहीत आहे पण शब्द माहीत नाही, त्याला दार बंद. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेले मराठी शब्दजाळे ही मोलाची कामगिरी आहे. तथापि ते हिंदी शब्दजाळ्याच्या आधाराने विस्तारत गेले आहे. जी संकल्पना मूळ सांगाड्यात नाही तिला अशा पद्धतीत जागा मिळणे कठीण, निदान उशिरा मिळणारे.

आज हा प्रश्न तातडीचा झाला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; त्याच काळात महाविद्यालयांतील मराठीच्या वर्गांत विद्यार्थी टिकवणे ही आम्हां अध्यापकांची रोजची विवंचना आहे. ‘मराठी घेऊन काय करणार?’ या प्रश्नाला आपण भाषांतर, जाहिरात, स्पर्धा परीक्षा अशी ठरावीक उत्तरे देतो. दुसरीकडे, वस्तूंच्या कल्पना सुचवणारी संगणकीय साधने वेगाने पसरत आहेत आणि त्यांचे पोषण मुख्यतः इंग्रजी मजकुरावर झालेले आहे. त्यांना ‘प्लेट’ विचारली तर ती ‘डिश’पर्यंत जातील, ‘विरी’पर्यंत जाण्याची वाटच त्यांच्या जाळ्यात क्वचित असेल. जे शब्द लिहिले गेले नाहीत ते यंत्राच्या दृष्टीने नाहीतच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यातील मराठी विभागाने एकेका धंद्याचा, एकेका झाडाचा, एकेका हत्याराचा शब्दसंग्रह करावा. पण तो अकारविल्हे न करता संबंधांनी करावा. शब्दापुढे अर्थ लिहून न थांबता, ती वस्तू कशापासून होते, तिला काय काय करतात, ती स्वतः काय करते, तिच्यातले काय टाकून देतात आणि तिच्याविषयी कोणते वाक्प्रचार आहेत, ही पाच घरे भरावीत. शब्द सांगणाऱ्या कारागिराला त्या कामात सहकर्त्याचे स्थान द्यावे. त्याला माहिती देणारा इसम म्हणून तळटीपेत ढकलू नये. आणि हा संग्रह औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, तंत्रनिकेतनांत, रचनाशाळांत नेऊन ठेवावा. मराठीचा विद्यार्थी आणि यंत्राचा विद्यार्थी यांनी एका बाकावर बसून दोन नामे घ्यावीत आणि मधले पद शोधावे. समासाचा विग्रह करण्याची याहून चांगली परीक्षा आम्हांस दिसत नाही.

यातून उद्याच कारखाने उभे राहतील, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. भांडवल, बाजारपेठ, वाहतूक यांचे प्रश्न शब्दांनी सुटत नाहीत. पण कल्पना सुचण्याच्या क्षणी माणसाजवळ दुसरे असते काय? असतात ते शब्द आणि त्यांचा शेजार. पोफळीच्या बागेत विरी आजही गळते. तिला उचलणाऱ्याच्या तोंडी तिचे नाव असेल, तर तिचे काय करता येईल हा विचारही तिथल्या तिथे सुरू होईल; नाव नसेल, तर ती कचरा म्हणून जाळली जाईल. भाषा राखायची ती एवढ्यासाठी.